नागरिकत्वाची परीक्षा आणि भाषेची अट : ब्रिटनमध्ये स्थायिक होणाऱ्या कुटुंबांना काय माहीत असायला हवे?

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांचे एक दार परदेशात उघडते. कुणाचा मुलगा कुवेतला असतो, कुणाची मुलगी निकाहनंतर लंडन किंवा बर्मिंगहॅमला जाते, कुणाचे पणजोबा बोटीने केप टाऊनला गेलेले असतात. आखातातून माणूस कमवून परत येतो, तिथे नागरिकत्वाचा विषय सहसा निघतच नाही. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा इथे मात्र काही वर्षे राहिल्यावर नागरिक होता येते. त्यासाठी त्या देशाची भाषा यावी लागते आणि त्या देशाच्या माहितीवर परीक्षा द्यावी लागते.

ही परीक्षा नेमकी काय असते, कुणाला द्यावी लागते, कुणाला सूट आहे, याबद्दल आपल्याकडे ऐकीव गोष्टी फार. कुणी म्हणतं, “इंग्रजी येत नसेल तर परत पाठवतात.” कुणी म्हणतं, “एजंट सगळं करून देतो.” दोन्ही चूक. या लेखात मुख्यतः ब्रिटनचे नियम सोप्या भाषेत मांडले आहेत, सोबत इतर देशांचीही तुलना आहे. एक मुद्दा सुरुवातीलाच सांगायला हवा. नवीन माणसाने देशाची भाषा शिकावी, ही अपेक्षा गैर नाही. पण परीक्षा न्याय्य आहे की नाही हे तिच्या प्रश्नपत्रिकेवरून ठरत नाही. शिकायची सोय दिली आहे का, आणि ज्यांना खरोखरच जमणार नाही त्यांच्यासाठी सवलत ठेवली आहे का, यावरून ते ठरते.

भाषेची अट आली कुठून?

भाषेची परीक्षा लावून माणसाला दारातच अडवायची युक्ती जुनी आहे, आणि तिचा पहिला मोठा फटका हिंदुस्थानी लोकांनाच बसला. डिसेंबर १८९६ मध्ये मुंबईहून निघालेली ‘कूरलँड’ आणि ‘नादेरी’ ही दोन जहाजे दक्षिण आफ्रिकेत डर्बनला पोहोचली. ‘कूरलँड’ दादा अब्दुल्ला या मेमन व्यापाऱ्याच्या कंपनीचे होते. गांधीजी याच जहाजावर होते. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या विरोधामुळे प्रवाशांना आठवड्यांमागून आठवडे समुद्रातच थांबवून ठेवले गेले. १३ जानेवारी १८९७ रोजी ते उतरले, तेव्हा जमावाने गांधीजींवर हल्ला केला.

त्याच वर्षी नाताळ वसाहतीने कायदा केला : येणाऱ्याला युरोपातील एखाद्या भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. कायद्यात ‘हिंदी’ हा शब्द कुठेच नव्हता, रंगाचा उल्लेखही नव्हता. पण ज्याला गुजराती, उर्दू किंवा मराठी उत्तम लिहिता येत होते, तो एका फटक्यात ‘निरक्षर’ ठरला. लंडनच्या सरकारला ही पद्धत पसंत पडली, कारण कागदावर भेदभाव दिसत नव्हता.

१९०२ मध्ये केप वसाहतीनेही असाच कायदा केला. केप टाऊनमध्ये तोपर्यंत रत्नागिरी भागातले कोकणी मुसलमान कामाधंद्यासाठी जाऊन राहिले होते. गावी बायकोमुलांना भेटायला यायचे तर परतीचा परवाना काढून यावे लागे. मुदत टळली की परतीची वाट बंद. १९०६ मध्ये याच वसाहतीने ज्यूंच्या यिडिश भाषेला ‘युरोपीय भाषा’ म्हणून मान्यता दिली. हिंदुस्थानी भाषांना ती कधीच मिळाली नाही.

ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये त्याहून पुढची मजल मारली. अधिकारी युरोपातल्या कुठल्याही भाषेत ५० शब्दांचा उतारा वाचून दाखवणार आणि समोरच्याने तो लिहायचा. भाषा कोणती, हे अधिकारी ठरवणार! इंग्रजी येणाऱ्याला दुसऱ्याच भाषेत बसवता येई. १९३४ मध्ये एगॉन किश या पत्रकाराला अनेक भाषा येतात म्हणून त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये परीक्षा दिली गेली. पुढे तिथल्या हायकोर्टाने ती रद्द ठरवली. हा नियम कायद्यातून गेला तो १९५८ मध्ये.

हा इतिहास आजच्या परीक्षांना लागू करून ‘सगळे एकच’ असे म्हणणे बरोबर नाही. त्या वेळी परीक्षा लोक नापास व्हावेत म्हणूनच होती. आजच्या परीक्षेचा अभ्यासक्रम छापलेला असतो, उत्तरे ठरलेली असतात, पुन्हा बसता येते. पण भाषा ही चाळणी म्हणून वापरता येते, एवढे आपल्या पूर्वजांच्या अनुभवावरून लक्षात ठेवावे.

ब्रिटनमध्ये परीक्षा कधी सुरू झाली?

ब्रिटनच्या नागरिकत्व कायद्यात (१९८१) इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक यांपैकी एका भाषेचे पुरेसे ज्ञान असावे, अशी अट होती. पण परीक्षा नव्हती. २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्ड या शहरांत दंगली झाल्या. गोरे आणि दक्षिण आशियाई समाज एकमेकांपासून तुटून जगतात, अशी चर्चा त्यानंतर सुरू झाली. गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांच्या काळात २००२ चा नवा कायदा आला. प्राध्यापक सर बर्नार्ड क्रिक यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमली गेली. नव्या नागरिकाला रोजच्या जगण्यात उपयोगी पडेल अशी माहिती आणि भाषा शिकवावी, हा त्या समितीचा रोख होता.

२००४ पासून नागरिकत्वाचे समारंभ सुरू झाले. १ नोव्हेंबर २००५ पासून नागरिकत्वासाठी ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा सक्तीची झाली आणि एप्रिल २००७ पासून कायमच्या वास्तव्यासाठीही. त्या काळी ज्यांचे इंग्रजी कच्चे होते, त्यांना या परीक्षेऐवजी इंग्रजीचा वर्ग पूर्ण करून एक पायरी वर जाण्याचा मार्ग मोकळा होता. २८ ऑक्टोबर २०१३ पासून तो बंद झाला. आता भाषेचा दाखला आणि माहितीची परीक्षा, दोन्ही हवे.

तीन पायऱ्या आणि तीन पातळ्या

आपल्याकडे ‘व्हिसा’, ‘पर्मनंट’ आणि ‘पासपोर्ट’ हे शब्द एकमेकांत मिसळतात. ब्रिटनमध्ये या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत : ठरावीक मुदतीचा व्हिसा, मग कायमचे वास्तव्य, आणि शेवटी नागरिकत्व. मुलीचे लग्न ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलाशी ठरले, तर तिच्या वाटेवर भाषेची अट तीनदा येते.

ए-१ : जोडीदाराचा व्हिसा मागतानाच, म्हणजे भारतात असतानाच. ही अट २९ नोव्हेंबर २०१० पासून आहे. आपले नाव, पत्ता, घरातली माणसे, खरेदी, वेळ याबद्दल साधे प्रश्न समजले आणि उत्तर देता आले की पुरे. फक्त ऐकणे आणि बोलणे तपासतात, लिहिणे नाही.

ए-२ : पहिला व्हिसा संपताना, सुमारे अडीच वर्षांनी, मुदत वाढवण्यासाठी. मे २०१७ पासून लागू. डॉक्टरची वेळ घेणे, मुलाच्या शाळेत बोलणे, कालचा प्रसंग सांगणे, एवढे यावे लागते.

बी-१ : पाच वर्षांनी कायमचे वास्तव्य मागताना, आणि नागरिकत्वासाठीही. ओळखीच्या विषयावर थोडा वेळ सलग बोलता आले पाहिजे, आपले मत आणि त्याचे कारण सांगता आले पाहिजे. इथेही ऐकणे आणि बोलणे एवढेच पाहतात.

परीक्षा सरकारमान्य संस्थेचीच आणि सरकारमान्य केंद्रावरच द्यावी लागते. गल्लीतल्या क्लासचे सर्टिफिकेट चालत नाही. ज्यांची पदवी इंग्रजी माध्यमातून झाली आहे त्यांना परीक्षेऐवजी पदवी दाखवता येते. पण भारतातली पदवी असेल तर ती ब्रिटिश पदवीच्या तोडीची आहे आणि इंग्रजीतून शिकवली गेली, असा ‘एक्टिस’ या संस्थेचा दाखला जोडावा लागतो. मुंबई विद्यापीठाची पदवी हातात असून केवळ हे ठाऊक नसल्याने परीक्षेला पैसे भरण्याची गरज नाही.

कायमचे वास्तव्य मिळाल्यावर, जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल आणि तीन वर्षांचे वास्तव्य झाले असेल, तर लगेच नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. इतरांना पाच वर्षांचे वास्तव्य आणि कायमचा दर्जा मिळाल्यानंतर साधारण एक वर्षाची वाट पाहावी लागते.

‘लाइफ इन द यूके’ परीक्षा कशी असते?

संगणकावर २४ प्रश्न, ४५ मिनिटे, पर्यायांतून उत्तर निवडायचे. पास व्हायला किमान १८ बरोबर हवेत. फी ५० पौंड. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते, कितीही वेळा, फक्त दर वेळी फी नव्याने. एकदा पास झालात की तो निकाल कायम धरला जातो. कायमच्या वास्तव्यासाठी दिलेली परीक्षा नागरिकत्वासाठी पुन्हा द्यावी लागत नाही.

एक गोष्ट आपल्या नावांमुळे फार महत्त्वाची. बुकिंगमध्ये लिहिलेले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. लग्नाआधीचे आडनाव, नवऱ्याचे नाव, वडिलांचे नाव, कुठे ‘शेख’ पुढे तर कुठे मागे : आपल्या कागदपत्रांत हा गोंधळ असतोच. नाव जुळले नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून भारतातून निघण्यापूर्वीच पासपोर्ट, निकाहनामा आणि विवाह नोंदणीचा दाखला यांतले नाव सारखे करून घ्यावे.

प्रश्न सरकारी पुस्तकातूनच येतात. सध्याची तिसरी आवृत्ती २०१३ ची. तिच्यात राजे-राण्या, लढाया, कवी, खेळाडू, संसद, न्यायालये, सण हे सगळे आहे. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या आहेत आणि ‘लंडन आय’ या पाळण्याची उंचीही आहे : १३५ मीटर, म्हणजे ४४३ फूट.

याच पुस्तकात आपल्याला जवळचे वाटेल असे एक नाव आहे : साके दीन महोमेद. १७५९ मध्ये जन्मलेला, बंगाल प्रांतात वाढलेला हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होता. पुढे तो ब्रिटनला गेला, आयर्लंडमध्ये जेन डेली नावाच्या तरुणीशी पळून जाऊन लग्न केले आणि १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ उघडले. ब्रिटनमधले हे पहिले करी हाऊस. डोक्याला मालिश करायची ‘चंपी’ त्यानेच तिकडे नेली आणि तिचा ‘शॅम्पू’ झाला. ब्रिटनचा नागरिक व्हायला जे शिकावे लागते त्यात एका हिंदुस्थानी माणसाचा संसार आणि धंदा आहे, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

पण या पुस्तकावर टीकाही मोठी झाली. डरहॅम विद्यापीठाचे प्राध्यापक थॉम ब्रूक्स स्वतः ही परीक्षा देऊन ब्रिटिश नागरिक झाले. २०१३ मध्ये त्यांनी अहवाल लिहिला : करी हाऊस कधी उघडले हे विचारतात, पण रुग्णवाहिका कशी बोलवायची, डॉक्टरकडे नाव कसे नोंदवायचे ही उपयोगाची माहिती नव्या आवृत्तीतून गेली. २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीनेही ही परीक्षा नीट सुधारावी असे सुचवले. तरी परीक्षा अजून आहे तशीच आहे. त्यामुळे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

अडतं कोण?

शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसाला ही परीक्षा अवघड नाही. महिनाभर सरकारी पुस्तक वाचले, सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या की होते. अडते ती घरातली बाई. ती लग्न होऊन गेली, लगेच मूल झाले, सासू-सासऱ्यांची सेवा आली. घरात कोकणी किंवा उर्दू, शेजारी आपलेच, दुकानदारही आपलाच. दहा वर्षे ब्रिटनमध्ये राहूनही इंग्रजीत चार वाक्ये बोलायची वेळ येत नाही. नवरा म्हणतो, “तुला काय गरज, मी आहे ना!” आणि मग एक दिवस सरकारचा कागद येतो.

या अटीविरुद्ध काही जोडपी कोर्टात गेली. ब्रिटनला येण्याआधीच इंग्रजी मागणे हा कौटुंबिक जीवनाच्या हक्कावर घाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने अट रद्द केली नाही. मात्र ज्या देशात वर्ग किंवा परीक्षा केंद्र आवाक्यात नाही, खर्च झेपत नाही, तिथल्या लोकांना सवलत देण्याबाबत सरकारच्या मार्गदर्शक सूचना तोकड्या आहेत, अशी चिंता न्यायाधीशांनी व्यक्त केली. निकालाचा अर्थ सरळ आहे : अट लावा, पण अशक्य अट लावू नका.

जानेवारी २०१६ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी सांगितले की सुमारे १ लाख ९० हजार मुस्लिम महिलांना इंग्रजी अगदी कमी येते किंवा येतच नाही. त्यांच्यासाठी २ कोटी पौंडांची योजना त्यांनी जाहीर केली. त्याच दमात, ज्या सुधारणार नाहीत त्यांच्या वास्तव्यावर परिणाम होऊ शकतो असेही सांगितले. यावर मुस्लिम संघटनांनी आणि शिक्षकांनी बोट ठेवले ते असे : इंग्रजी वर्गांचा सरकारी पैसा त्याआधीच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आणला गेला होता. वर्ग बंद करायचे आणि मग बाई शिकत नाही म्हणून तिलाच दोष द्यायचा, हा कुठला इन्साफ?

पण प्रश्न सरकारला जितका, तितका घरालाही आहे. ज्या बाईला भाषा येत नाही तिला डॉक्टरला दुखणे सांगता येत नाही, मुलाच्या शिक्षकाशी बोलता येत नाही, घरात छळ झाला तर फोन करता येत नाही. परीक्षा नसती तरी ही भाषा तिच्या हक्काची होती.

सूट कुणाला?

वय १८ पेक्षा कमी किंवा ६५ आणि त्याहून जास्त असेल, तर भाषेची अट आणि ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा दोन्ही लागू नाहीत. जोडीदाराच्या व्हिसासाठीच्या ए-१ अटीलाही ६५ वर्षांची हीच सवलत आहे.

दीर्घकाळचा शारीरिक किंवा मानसिक आजार असेल, ज्यामुळे शिकणे वा परीक्षा देणे शक्य नाही, तर डॉक्टरने ठरलेल्या फॉर्मवर तसे लिहून द्यावे लागते. नुसते ‘तब्येत बरी नसते’ चालत नाही. आजारामुळे भाषा शिकणे का शक्य नाही, हे त्यात यायला हवे.

तिसरी सवलत आपल्या समाजात फार कमी जणींना माहीत आहे. जोडीदाराच्या व्हिसावर गेलेली बाई नवऱ्याच्या छळामुळे वेगळी झाली, किंवा नवऱ्याचे निधन झाले, तर कायमच्या वास्तव्याचा वेगळा अर्ज आहे आणि त्याला भाषेची व परीक्षेची अट नाही. “तुला इंग्रजी येत नाही, मी सोडलं तर परत पाठवतील,” अशी धमकी कुणी देत असेल, तर ती खोटी आहे. वकिलाचा किंवा महिला मदत संस्थेचा सल्ला लगेच घ्यावा. पुढे नागरिकत्व हवे असेल तेव्हा मात्र अट पूर्ण करावी लागते.

इतर देशांत काय?

अमेरिका : इंग्रजी वाचणे, लिहिणे, बोलणे आणि नागरिकशास्त्राचे तोंडी प्रश्न. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर हवेत. पण वय ५० आणि ग्रीन कार्डवर २० वर्षे, किंवा वय ५५ आणि १५ वर्षे झाली असतील, तर इंग्रजीची अट नाही. नागरिकशास्त्राची उत्तरे दुभाष्यामार्फत स्वतःच्या भाषेत देता येतात. म्हणजे मराठीतही! ब्रिटनमध्ये अशी सोय नाही. आयुष्यभर स्वयंपाकघर सांभाळलेल्या ५५ वर्षांच्या बाईसाठी हा फरक किती मोठा आहे, हे सांगायला नको.

कॅनडा : २० प्रश्न, १५ बरोबर, वय १८ ते ५४ एवढ्यांनाच. इंग्रजी किंवा फ्रेंच. २०११ मध्ये शपथ घेताना चेहरा उघडा ठेवण्याची सक्ती झाली होती. एका मुस्लिम महिलेने आव्हान दिले आणि २०१५ मध्ये ती जिंकली. अधिकाऱ्याला एकांतात चेहरा दाखवायला तिची हरकत नव्हतीच.

ऑस्ट्रेलिया : २० प्रश्न, ७५ टक्के गुण. नोव्हेंबर २०२० पासून त्यातले पाच प्रश्न मूल्यांवर, आणि ते पाचही बरोबर यावे लागतात.

जर्मनी : बी-१ पातळीची जर्मन आणि ३३ प्रश्न, १७ बरोबर. प्रश्न आधीच जाहीर केलेल्या यादीतले. मात्र २००६ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने मुस्लिम देशांतून आलेल्यांसाठीच वेगळी प्रश्नावली काढली होती : मुलगा समलिंगी निघाला तर काय कराल, मुलीने मर्जीने लग्न केले तर काय, असे प्रश्न. लोक तिला ‘मुस्लिम टेस्ट’ म्हणू लागले. २०११ मध्ये नव्या राज्य सरकारने ती मोडीत काढली.

नेदरलँड्स : २००६ पासून घर सोडण्याआधी, आपल्याच देशातल्या डच वकिलातीत परीक्षा. अमेरिका, कॅनडा, जपान अशा देशांच्या नागरिकांना मात्र सूट. २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की परीक्षा घेता येईल, पण तिच्यामुळे कुटुंब एकत्र येणे अशक्य किंवा फार अवघड होता कामा नये, आणि खर्च जास्त होता.

डेन्मार्क : ४५ प्रश्न, ३६ बरोबर. शिवाय २०१९ पासून समारंभात अधिकाऱ्याशी हस्तांदोलन सक्तीचे. परपुरुषाशी किंवा परस्त्रीशी हात न मिळवणाऱ्यांना अडवण्यासाठीच हे आहे, अशी टीका तिथल्या काही महापौरांनीही केली.

भाषा आणि माहिती कुणालाही शिकता येते. पण प्रश्न एकाच समाजाला विचारले जाऊ लागले, किंवा मनात काय आहे ते तपासू लागले, की परीक्षा राहत नाही, संशय उरतो. हे म्हणताना आपण आरसाही पाहावा. आखाती देशांच्या कायद्यांतही नागरिकत्वासाठी अरबी येण्याची अट आहे, आणि ती पूर्ण करूनही, तीस वर्षे राबलेल्या माणसाला तिथे नागरिकत्व क्वचितच मिळते.

भारताचा कायदा आणि गावची जमीन

भारताचा नागरिक होऊ इच्छिणाऱ्या परदेशी माणसालाही भाषेची अट आहे. १९५५ च्या कायद्यानुसार राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान हवे. मराठी आणि उर्दू दोन्ही त्यात आहेत. वास्तव्याची अट सर्वसाधारणपणे ११ वर्षे, त्यावर अर्जाआधीचे सलग एक वर्ष. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतल्या सहा समाजांसाठी ती पाच वर्षे केली. मुस्लिम त्यात नाहीत.

दुसरी बाजू कुटुंबांसाठी जास्त तातडीची. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतले त्या दिवसापासून भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, तो वापरत राहणे गुन्हा आहे. त्याऐवजी ओसीआय कार्ड घेता येते. त्यावर आयुष्यभर येणे-जाणे करता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन मात्र ठेवता येते. गावची वाडी, आंब्याची कलमे ज्यांच्या नावावर व्हायची आहेत, त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज करण्याआधी हा हिशोब घरात बसून करावा. आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबा यांपैकी कुणी कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचा नागरिक असेल तर ओसीआय मिळत नाही, हेही ब्रिटनमधल्या सोयरिकी जुळवताना माहीत असू द्या.

मग करायचं काय?

लग्न ठरल्यापासून नव्हे, त्याआधीपासून मुलीचे इंग्रजी बोलणे पक्के करा. ए-१ साठी रोज अर्धा तास, दोन-तीन महिने बहुतेकांना पुरते. पण तिथेच थांबू नका, कारण खरी पायरी बी-१ आहे.

सून ब्रिटनला पोहोचली की पहिल्या वर्षीच वर्गाला घाला. मूल झाल्यावर वेळ मिळत नाही. आठवड्यातून दोन दिवस नातवंड सांभाळणे, ही सासूने सुनेला दिलेली सर्वात मोठी भेट ठरेल. स्थानिक कॉलेज, ग्रंथालय, काही मशिदी इथे महिलांचे वर्ग चालतात. जिथे नाहीत तिथे जमातीने सुरू करावेत. शिकलेल्या मुली आपल्याकडे कमी नाहीत.

नवऱ्याने घरी दुभाषा होणे थोडे कमी करावे. दवाखान्यात, शाळेत, बँकेत तिला बोलू द्या, चुकू द्या.

बदली माणूस बसवणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या काही केंद्रांवर इंग्रजीच्या परीक्षेत असले प्रकार बीबीसीने उघड केले. त्यानंतर हजारो परदेशी विद्यार्थ्यांवर ठपका आला आणि प्रामाणिकपणे परीक्षा दिलेलेही त्यात भरडले गेले. नाव एकदा फसवणुकीत आले की पुढच्या प्रत्येक अर्जात ते समोर येते.

आणि नियम बदलत आहेत. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने बहुतेकांसाठी कायमच्या वास्तव्याची मुदत पाचवरून दहा वर्षे करण्याचा आणि भाषेची पातळी वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. जानेवारी २०२६ पासून कुशल कामगार व्हिसाच्या नव्या अर्जदारांना बी-१ ऐवजी बी-२ इंग्रजी लागू झाले. म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी सरकारी वेबसाइटवरचा नियमच खरा धरावा. चुलत्यांच्या वेळी काय होते, हे नव्हे.

नाताळच्या कायद्यापुढे आपल्या पूर्वजांकडे उपाय नव्हता, कारण त्यांना शिकूच द्यायचे नव्हते. आज पुस्तक विकत मिळते, वर्गाची वाट सापडते, सवलतीचा फॉर्म भरता येतो. घरातल्या बाईपर्यंत हे तिन्ही पोहोचवणे एवढे तरी आपल्या हातात आहे.